थांबू की घेऊ? नव्या मॅकची वाट पाहणाऱ्या गोंयकारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापशात बाजारापासून चार पावलांवर माझी एडिटिंगची खोली आहे. लग्नाचे व्हिडिओ, जत्रेच्या पत्रिका, नाटकांचे बॅनर, जे येईल ते करतो. संगणक मी विकत नाही. तरीही आठवड्याला दोघे-तिघे तरी फोन करून विचारतातच, "नवीन मॉडेल येणार म्हणतात, थांबू की आताच घेऊ?" दर वेळी तेच सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

मॅकच्याच बाबतीत लोक एवढे का थांबतात?

विंडोजच्या बाजारात एक कंपनी झोपली तर दुसरी जागी असते. डेलने नवं काही आणलं नाही तर लेनोवो आणते, नाहीतर एचपी आणि आसूस आहेतच. दर जानेवारीत लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात या सगळ्यांची नवी मॉडेलं मांडली जातात. मॅक बनवणारं घर मात्र एकच, ॲपल. तिथे चूल पेटली नाही तर शेजारी जाऊन जेवायची सोय नाही.

एखादं मॉडेल न बदलता किती वर्षं विकलं जाऊ शकतं?

मॅक मिनीचं, म्हणजे पडद्याविना येणाऱ्या छोट्या मॅकचं उदाहरण घ्या. १६ ऑक्टोबर २०१४ रोजी एक मिनी आली आणि तिच्यानंतरची जाहीर झाली ३० ऑक्टोबर २०१८ रोजी. म्हणजे चार वर्षं आणि वर दोन आठवडे. बरं, २०१४ ची मिनी काही बाबतींत २०१२ च्या मिनीपेक्षाही मागे होती. २०१२ च्या वरच्या मॉडेलात चार कोअरचा प्रोसेसर मिळायचा आणि रॅम आपल्या हाताने बदलता यायची. २०१४ मध्ये कोअर दोनच, आणि रॅम बोर्डावर कायमची डकवलेली. त्यामुळे नव्या मिनीकडे पाठ फिरवून सेकंडहँड २०१२ शोधत फिरणारे लोक मी स्वतः पाहिले आहेत. त्यांतला एक मीच.

मॅकबुक एअर या लॅपटॉपचंही तसंच. मार्च २०१५ पासून ऑक्टोबर २०१८ पर्यंत तोच संसार. मध्ये २०१७ च्या जूनमध्ये प्रोसेसरचा वेग तेवढा जरा वाढवला. तेरा इंची एअरचा पडदा तर २०१० पासून १४४० बाय ९०० वरच अडून होता. आपल्या हातातल्या फोनचे पडदे त्याच्या पुढे गेले तरी एअर तिथेच.

पण सगळ्यांत मोठी कथा मॅक प्रोची, म्हणजे जड कामं करणाऱ्यांसाठीच्या ताकदवान डेस्कटॉपची. जून २०१३ मध्ये दाखवला, त्याच डिसेंबरात विक्रीला आला, आणि पुढचा यायला डिसेंबर २०१९ उजाडला. काळा, गुळगुळीत, २५ सेंटिमीटर उंचीचा नळकांड्यासारखा. जगाने त्याला कचऱ्याचा डबा म्हटलं. मला तो चहाच्या थर्माससारखा दिसायचा, आणि गंमत अशी की अडचणही उष्णतेचीच निघाली. आत तिकोनी गाभा, त्याला चिकटलेली दोन ग्राफिक्स कार्डं आणि डोक्यावर एकच पंखा. पुढे साऱ्या जगाचा कल दोन मध्यम कार्डांऐवजी एका मोठ्या, तापट कार्डाकडे गेला, आणि त्या आकारात तसलं कार्ड थंड ठेवणं जमेना. एप्रिल २०१७ मध्ये कंपनीने निवडक पत्रकारांना बोलावून हे कबूल केलं. उष्णतेच्या बाबतीत आम्हीच आमचा रस्ता बंद करून घेतला, अशा अर्थाचं कंपनीचे सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडेरिघी बोलले. एवढ्या मोठ्या कंपनीने असं उघड मान्य करावं, हे विरळाच. कबुलीनंतरही मशीन यायला अडीच वर्षांहून जास्त लागली, तो भाग वेगळा.

कंपनीला कळत नाही का? एवढा उशीर का लावतात?

कळतं, पण त्या वर्षांत चिप इंटेलची होती. चिपच्या पिढ्या नॅनोमीटरमध्ये मोजतात, आकडा लहान तेवढी चिप पुढची. इंटेलची १४ नॅनोमीटरची पिढी उशिरा आली, आणि १० नॅनोमीटरची २०१६ मध्ये येणार होती ती मोठ्या संख्येने यायला २०१९ उजाडलं. दुसरं म्हणजे पैशाचा हिशेब. ॲपलच्या उत्पन्नात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त वाटा आयफोनचा, मॅकचा दहा टक्क्यांच्या आसपास. त्या दहा टक्क्यांतही मिनी आणि मॅक प्रो घेणारे थोडेच. चांगले इंजिनिअर कुठे बसवले जातात, हे सांगायला नको.

फक्त इंटेलवर खापर फोडूनही चालणार नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ आला आणि चिप कंपनीची स्वतःची झाली. तरी आयमॅकचं, म्हणजे पडद्यातच संगणक असलेल्या मॅकचं बघा. एप्रिल २०२१ मध्ये एम१ चा आयमॅक जाहीर झाला, पुढचा ऑक्टोबर २०२३ मध्ये, थेट एम३. एम२ चा आयमॅक कधी आलाच नाही. जे लोक एम२ साठी थांबले होते, ते अस्तित्वात नसलेल्या गाडीची वाट पाहत स्टँडवर उभे होते.

"अमुक महिन्यात नवीन येणार" एवढं तरी आधी का सांगत नाहीत?

ॲडम ऑसबोर्नमुळे. हा माणूस आपल्याला तसा परका नाही. त्याचं बालपण तमिळनाडूत गेलं, आणि २००३ मध्ये तो वारला तोही कोडाईकनालला. १९८१ मध्ये त्याने ऑसबोर्न १ नावाचा संगणक काढला. ११ किलो वजन, पाच इंची पडदा, किंमत १,७९५ डॉलर. उचलून नेता येतो म्हणून त्याची तडाखेबंद विक्री झाली. मग १९८३ मध्ये, जुना माल गोदामात पडलेला असतानाच, त्याने पुढच्या मॉडेलांचं कौतुक सुरू केलं. गिऱ्हाइकं म्हणाली, मग आम्ही थांबतो. त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. काहींचं म्हणणं असं की खरं कारण वेगळं होतं. कायप्रो नावाचा प्रतिस्पर्धी त्याच किमतीत नऊ इंची पडदा देत होता. ते असेल तसं असो, पण धंद्यात 'ऑसबोर्न इफेक्ट' हा शब्द रूढ झाला तो झालाच. तेव्हापासून विक्री जवळ येईपर्यंत शक्यतो तोंड बंद ठेवायचं, ही रीत पडली.

मग नवं येणार हे आधी ओळखायचं कसं?

खात्रीची खूण एकही नाही, पण काही खुणा इतरांपेक्षा बऱ्या. रशिया आणि शेजारच्या देशांच्या युरेशियन आर्थिक आयोगाकडे एन्क्रिप्शन असलेल्या उपकरणांची नोंद करावी लागते. तिथे नवे मॉडेल क्रमांक दिसले की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत माल आला, असं अनेकदा घडलं आहे. दुसरी खूण आपल्याला घरबसल्या पाहता येते. जास्त रॅमचं किंवा मोठ्या एसएसडीचं (फाइली साठवायच्या जागेचं) मॉडेल ऑनलाइन निवडा आणि पोचण्याची तारीख बघा. नेहमी आठवड्यात येणारं मशीन अचानक महिन्यावर गेलं, तर कारखान्यातली लाइन बदलत असण्याची शक्यता असते. अर्थात सुट्या भागांच्या टंचाईमुळेही तसंच होतं.

यूट्यूबवर लाल बाण आणि उघडं तोंड लावून "येतोय!!" म्हणणाऱ्यांना मी मोजत नाही. वर्षभर पाऊस पडणार म्हणत राहिलं तर जूनमध्ये ते खरं ठरतंच.

साधारण कुठल्या महिन्यात येतात?

सगळ्यांत जास्त वेळा ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. २०१६, २०१८, २०२०, २०२१, २०२३, २०२४, २०२५ या सगळ्या वर्षी या दोन महिन्यांत नवे मॅक जाहीर झाले. मार्चमध्येही काही येतं. मॅक स्टुडिओ २०२२ मध्ये, एम३ ची एअर २०२४ मध्ये, एम४ ची २०२५ मध्ये. कंपनीचा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी जूनमध्ये मेळावा असतो, त्यात अधूनमधून. आपल्या भाषेत सांगायचं तर चवथ संपली की कान टवकारायचे. जाहीर झाल्यावर गोव्यातल्या दुकानात माल दिसायला आणखी थोडे दिवस जातात, आणि सुरुवातीच्या मॉडेलपलीकडचं काही हवं असेल तर ते इथे शेल्फवर सहसा नसतंच, मागवावं लागतं.

ते सगळं ठीक. थांबू की घेऊ?

मानकुराद आंबे तुम्ही कधी घेता? पहिली टोपली बाजारात येते तेव्हा डझनाचा भाव ऐकून आपण नुसता वास घेऊन पुढे जातो. मे महिन्यात भाव उतरतो, तेव्हा घेतो. पण आणखी उतरेल म्हणून पहिल्या पावसापर्यंत थांबलात, तर आंबा कापल्यावर आत अळी. संगणकाचंही गणित तसंच, फरक एवढाच की इथे पाऊस तुमच्या कामाचा असतो, कंपनीचा नव्हे.

माझा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. तुळशीचं लग्न झालं की हिंदूंचे मुहूर्त, नाताळाच्या मागेपुढे ख्रिस्ती लग्नं, आणि किनाऱ्यावर दिल्ली-मुंबईवाल्यांची तीन-तीन दिवस चालणारी लग्नं. २०१६ मध्ये माझं मशीन थकलं होतं. नवी मिनी आता येईल, मग येईल करत मी २०१६ चा हंगाम काढला आणि २०१७ चाही काढला. चाळीस मिनिटांची फिल्म एक्स्पोर्टला लावून झोपायचं, आणि पहाटे वीज गेली की पुन्हा श्रीगणेशा. दोन गिऱ्हाइकं हातची गेली. त्यांतल्या एकाच्या धाकट्या भावाचं लग्नही पुढे दुसऱ्यानेच केलं, कारण एकदा माणूस गेला की घराणंच जातं. मधल्या काळात, ऑक्टोबर २०१७ मध्ये, कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी एका ग्राहकाच्या ईमेलला उत्तर देताना मिनी यापुढेही आमच्यासाठी महत्त्वाची राहील असं कळवल्याची बातमी आली, आणि मी त्या एका वाक्यावर आणखी वर्षभर तग धरला. ते वाक्य खोटं नव्हतं. त्यात तारीख नव्हती, आणि ती मी माझ्या मनाने घातली.

शेवटी मिनी आली, चांगलीच आली. वरच्या मॉडेलांत सहा कोअर, रॅम पुन्हा बदलता येणारी. पण सुरुवातीची किंमत ४९९ डॉलरवरून ७९९ वर गेली होती. त्यात २०१४ च्या ऑक्टोबरात डॉलर ६१ रुपयांच्या आसपास होता, तो २०१८ मध्ये ७३ च्या पुढे. स्वस्त पडेल म्हणून थांबलो होतो, हे इथे कुणाला सांगू नका.

तेव्हापासून मी असं करतो. मशीनवर पोट असेल, तर जुन्यापायी रोज किती वेळ वाया जातो ते आठवडाभर वहीत लिहायचं. रोजचा एक तास म्हणजे तीन महिन्यांत नव्वद तास. तुमच्या नव्वद तासांची किंमत नव्या आणि जुन्या मॉडेलातल्या फरकापेक्षा जास्त भरली, तर उद्याच घ्या. हंगामाला दोन महिने असतील आणि ऑक्टोबर तोंडावर असेल, तर थांबायला हरकत नाही, पण कॅलेंडरवर एका तारखेला गोल करून. तोवर आलं तर नवं, नाही आलं तर दुकानात असेल ते. त्या तारखेला मुदतवाढ द्यायची नाही. मशीन नुसतं घरी सिनेमे बघायला हवं असेल, तर वाटेल तेवढं थांबा, कुणाचं काही बिघडत नाही.

दुकानदार म्हणतो, "आताच घ्या, नवीन महाग येणार." खरं असतं का?

कधी खरं, कधी त्याचा शिलकी माल. वर २०१८ च्या मिनीचं सांगितलंच. पण उलटही झालं आहे. जानेवारी २०२३ ची एम२ मिनी ८ जीबी रॅमसह ५९,९०० रुपयांना होती. ऑक्टोबर २०२४ ची एम४ मिनी तेवढ्याच किमतीत १६ जीबी घेऊन आली. त्याच दिवसांत दुकानात असलेल्या एम२ आणि एम३ एअरची रॅमही किंमत न वाढवता ८ वरून १६ केली गेली. आदल्या आठवड्यात ८ जीबीची एअर घेतलेल्यांचे चेहरे मला आठवतात. मात्र २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला लागल्यापासून रॅम आणि एसएसडीचे भाव चढले, त्यामुळे दुकानदाराचं म्हणणं सरसकट उडवूनही लावू नका.

जुन्या मॉडेलवर घसघशीत सूट आहे. घेऊ का?

दोन वेगळी घड्याळं चालू असतात, ती समजून घ्या. सुट्या भागांचं घड्याळ मॉडेलची विक्री थांबल्यापासून सुरू होतं. पाच वर्षांनी कंपनी त्याला 'व्हिंटेज' म्हणते, सात वर्षांनी 'ऑब्सोलीट', आणि मग अधिकृत दुरुस्ती जवळजवळ संपते. सिस्टिम अपडेटचं घड्याळ मात्र त्या मॉडेलच्या आणि चिपच्या वयावर चालतं, तुम्ही कधी विकत घेतलं याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

सप्टेंबर २०१८ मध्ये कुणी कोरी करकरीत २०१४ ची मिनी घेतली असेल, तर तिला शेवटची सिस्टिम मिळाली २०२१ ची मॉन्टेरे. महिना-दीड महिना थांबून नवी घेतली असती, तर २०२४ च्या सेक्वोयापर्यंत चालली असती. म्हणजे एका महिन्याच्या फरकाने तीन वर्षं गेली. म्हणून सूट बघताना टक्के मोजू नका, मॉडेल पहिल्यांदा कधी आलं ते वर्ष विचारा. वर्ष-दीड वर्षाचं असेल तर सूट खरी. तीन वर्षांचं असेल तर ती सूट नव्हे, ते तुम्हाला मिळणार नसलेल्या वर्षांचे परत दिलेले पैसे.

इंटेलचा सेकंडहँड मॅक स्वस्तात मिळतोय.

नको. २०२५ ची टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची सिस्टिम, आणि तीही चारच इंटेल मॉडेलांवर चालते. जुन्या मॅकवर नवी सिस्टिम चढवणारे ओपनकोअरसारखे जुगाड करणारे करतात, पण तो छंद झाला.

माझं सगळं काम श्रीलिपी (मराठी टाइपचं सॉफ्टवेअर) आणि जुन्या पेजमेकरवर (छपाईची पानं मांडायचं सॉफ्टवेअर) आहे. नवीन मॅकवर चालेल?

हा प्रश्न लोक घेतल्यानंतर विचारतात, म्हणून मुद्दाम घातला आहे. ऑक्टोबर २०१९ च्या कॅटलिनापासून मॅकवर ३२ बिटचे प्रोग्रॅम चालत नाहीत. इंटेलसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर नव्या चिपवर रोझेटा नावाच्या दुभाष्यामार्फत चालतात, पण त्या दुभाष्याचीही सर्वसाधारण सोय टाहोच्या पुढच्या मॅकओएस २७ या सिस्टिमपर्यंतच, असं कंपनीने सांगितलं आहे. शिवाय नवं मशीन ज्या सिस्टिमसह येतं, तिच्या मागे जाता येत नाही.

डिचोली-फोंड्याकडच्या कितीतरी छापखान्यांत जत्रेच्या पत्रिका, देवस्थानांचे अहवाल, लग्नपत्रिका वीस-वीस वर्षांच्या जुन्या फाइलींत पडून आहेत, आणि त्या युनिकोडमध्ये नाहीत. नव्या मशीनवर त्या उघडल्या तर पालखीच्या वेळापत्रकाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. अशांना माझा सल्ला असा की जुना विंडोज संगणक मोडीत काढू नका. इंटरनेटची वायर काढा आणि त्या फाइलींपुरता कोपऱ्यात ठेवा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा नेटवर न्यायचाच नाही. नवं काम मात्र युनिकोडमध्येच सुरू करा.

थांबायचं ठरवलं तर जुनं मशीन गोव्याच्या पावसात कसं टिकवू?

बंद करून कपाटात ठेवू नका, हे पहिलं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे चामड्याच्या चपलेलासुद्धा बुरशी येते. रोज तासभर चालू ठेवलेलं मशीन स्वतःच्या उबेने कोरडं राहतं. कळंगुट-मोरजीसारख्या किनाऱ्यालगतच्या घरांत खारा वारा थेट पोर्टांवर बसतो, तिथे खिडकीजवळ टेबल मांडू नका. डेस्कटॉपला यूपीएस हवाच, आणि ढग गडगडायला लागले की प्लग आणि नेटची वायर दोन्ही काढायची. यूपीएसवर भिस्त ठेवून नेटची वायर तशीच ठेवणाऱ्याचा राउटर आणि बोर्ड एकाच कडकडाटात गेलेला पाहिला आहे.

लॅपटॉपचा तळ डुगडुगायला लागला किंवा ट्रॅकपॅड दाबला जाईना, तर बॅटरी फुगली समजा. चार्जिंग बंद आणि सरळ दुरुस्तीला. बाकी मंदपणासाठी आधी पंखा साफ करून घ्या, आतला धुरळा आणि वाळू बघून थक्क व्हाल. २०१२ च्या आसपासचा असेल तर एसएसडी टाकूनही एखादं वर्ष निघतं.

गोव्यात घेऊ की बाहेरून आणू?

कंपनीचं स्वतःचं ऑनलाइन दुकान भारतात सप्टेंबर २०२० पासून आहे. मुंबईच्या बीकेसीत एप्रिल २०२३ मध्ये आणि पुण्यात कोरेगाव पार्कला सप्टेंबर २०२५ मध्ये दुकानं उघडली. आपल्याकडे पणजी, मडगाव, पर्वरीला विक्रेते आहेत. सत्तरीकडचे लोक चोर्ला घाट चढून बेळगावला जातात, पण जीएसटी सगळीकडे १८ टक्केच, त्यामुळे पेट्रोल वजा जाता हाती फारसं उरत नाही. बिघाड झाल्यावर कुठे न्यायचं आणि सुटा भाग किती दिवसांत येतो, हे मात्र पैसे देण्याआधी विचारा.

धंद्यासाठी घेतोय, कराचं काही?

नियमित जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर नंबर टाकून घ्या, भरलेला जीएसटी वजा मिळतो. कंपोझिशनवाल्यांना (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या छोट्या धंद्यांना) नाही. आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा आहे, पण त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच. म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर घेतलं की पहिल्या वर्षी निम्मा घसारा, आणि नवी मॉडेलं येतात नेमकी त्यानंतर. उरलेला घसारा पुढच्या वर्षांत मिळतोच, तरी सीएला एकदा विचारा.

मुलगी फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला जाणार आहे. ऑक्टोबरपर्यंत थांबायला सांगू?

सांगू नका. पहिलं सेमिस्टर तोवर अर्धं होईल. विद्यार्थ्यांची सवलत आणि कॉलेज सुरू होतानाच्या ऑफर पावसाळ्यातच असतात. आधी सीनिअर मुलांना विचारून घ्या, कारण काही शाखांची सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालतच नाहीत.

घेतलं, आणि नऊ दिवसांत नवीन मॉडेल आलं. आता?

माझंही एकदा झालं. पणजीच्या एका दुकानात "साहेब, वर्षभर काही येत नाही" असं छातीठोक सांगितलं होतं. परत गेलो तर तोच मुलगा नव्या मॉडेलचं पोस्टर भिंतीला चिकटवत होता. बिल बघा, परतीच्या अटी छापलेल्या असतात. सील फोडलेलं असेल तर बहुतेक विक्रेते घेत नाहीत, तरी फरक भरून बदलून मागायला लाजू नका. मला नाही म्हणाले, पण एक माउस फुकट दिला. तो अजून चालतोय.